साहेब, ते तास कुणाच्या नावावर मांडले?

माननीय ऊर्जामंत्री महोदय,



पत्रावर नाव घातलेलं नाही, ते मुद्दाम. गेल्या वीस-बावीस वर्षांत तुमच्या खुर्चीवर इतके जण बसून गेले की एकाचं नाव घातलं तर बाकीचे अलगद सुटतील. तेव्हा हे पत्र खुर्चीला आलंय असं समजा. ज्यांनी सह्या केल्या, ज्यांनी शब्द दिला, ज्यांनी नुसतीच मान डोलावली आणि आज जे तिथं बसले आहेत, त्या सगळ्यांना मिळून मी 'तुम्ही' म्हणतोय.

राज्य भारनियमनमुक्त झालं, असं तुम्ही सभांमधून सांगता. टाळ्याही पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत आता कितीतरी पोरं अशी असतात, ज्यांना लोडशेडिंग म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. त्यांचं काही चुकत नाही. पण तुमचं काय? तुम्हालाही सांगावं लागणार आहे का?

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहीत होतो. कारखाना म्हणजे काय, वर पत्रे, खाली माग आणि दारात मालकाची स्कूटर. माझं काम सोपं होतं. कुणी किती माल काढला ते लिहायचं, नगावरच्या दरानं गुणायचं, उचल वजा करायची आणि आठवड्याच्या शेवटी ज्याचे त्याचे पैसे हातावर ठेवायचे. त्यामुळं तुमचं भारनियमन मी अंधारात बसून जेवढं पाहिलं, त्याहून जास्त वहीत पाहिलं.

2005 पासूनची ती सहा-सात वर्षं तुम्हाला आठवत असणारच. राज्यात ऐन गरजेच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉट कमी पडत होते. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. शहरांच्या वाट्याला त्याहून कमी तास, पण तेही नेमके कामाच्या वेळेतले. वेळापत्रक पेपरात यायचं, आणि वेळापत्रकाबाहेर जायची ती वीज वेगळीच. कारखान्यांना आठवड्यातला एक दिवस सक्तीनं बंद ठेवायला लावलात. त्याला सगळे 'स्टॅगरिंगचा दिवस' म्हणायचे. या भागाचा हा वार, त्या भागाचा तो वार. आमच्या मागवाल्यांत इंग्रजी चौथीपर्यंतही कुणी शिकलेलं नव्हतं, पण स्टॅगरिंग हा शब्द सगळ्यांना पाठ होता.

वीज गेली की माग एकेक करून थांबत नाहीत, अख्खी पेठ एका दमात थांबते. धोटा जिथं असेल तिथं अडकतो. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, प्रचाराला एप्रिलमध्ये येता तेव्हा दोनदा शर्ट बदलता. त्या उन्हात पत्र्याखालून बाहेर येऊन माणसं ओट्यावर बसायची. घरी जाता यायचं नाही, कारण वीज कधी येईल याचा भरवसा नसायचा आणि आली त्या मिनिटाला माग चालू नसला तर तोही तास गेला. मग वीज यायची. तुटलेले दोरे जोडायचे, माग पुन्हा लावायचा. जिथून लावला तिथं टॉवेलावर आडवी रेघ उमटायची. व्यापारी तेवढा माल बाजूला काढायचा आणि त्याचे पैसे कापायचा. म्हणजे तास बुडाला तो बुडाला, वर त्याच्या खुणेचा दंड.

नगावर काम करणाऱ्याला बसून राहिल्याचे पैसे कोण देणार? मालक कुठून देईल? त्याचंही कर्ज माग बंद असताना थांबत नव्हतं. कागदावर सहा दिवसांचा आठवडा असायचा. माझ्या वहीत तो कधी साडेचार दिवसांचा उतरायचा, कधी चारचा. पैसे मोजून देताना माणसं माझ्याकडं बघायची. कुणी भांडायचं नाही. "अण्णा, एवढंच?" एवढंच विचारायची.

मोठ्या कारखान्यांनी जनरेटर घेतले. आमच्यासारख्यांना डिझेल परवडलं असतं तर टॉवेल विणायची गरजच पडली नसती.

आणि बायका? सोलापुरात मागवाल्याची बायको बहुतेक करून विडी वळते, हे तुम्हाला सांगायला नको. विडी घरकुलात तुम्ही सभा घेतल्या आहेत. विडी वळायला वीज लागत नाही, हे तुमच्या नियोजनाचं केवढं नशीब! नवऱ्याचा माग थांबला की घराचा सगळा भार मांडीवरच्या सुपावर यायचा. पण पान कातरायला आणि दोरा बांधायला उजेड लागतो हो. चिमणीच्या उजेडात वळलेल्या विड्यांत छाट जास्त निघायची, आणि छाट निघाली की तेवढ्या विड्यांची मजुरी गेली. तिचे हे पैसे कुठल्या तुटीत धरलेत तुम्ही?

शहराला पाणी येतं उजनीहून, पंपानं उपसून. पंपाची वीज गेली की आमची पाण्याची पाळी आणखी एक दिवस पुढं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण पाण्याचं रडगाणं आमचं अजून संपलेलं नाही आणि ते खातं तुमचं नाही असं तुम्ही म्हणाल.

हे सगळं आम्ही का सोसलं? तुमच्या धाकानं नव्हे. तुमच्यावर विश्वास होता म्हणून. थोडी कळ काढा, असं तुम्ही म्हणालात. हातउसने पैसे मागायला आलेल्या घरच्या माणसाला आपण दारातून परत पाठवत नाही, तसे आम्ही आमचे तास तुम्हाला काढून दिले. परत कधी देणार, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आता विचारतोय.

शब्द तुम्ही काही पहिल्यांदा देत नव्हता. 1993 मध्ये दाभोळच्या वीज प्रकल्पाचा करार करताना शब्द होता की महाराष्ट्राला वीज कमी पडणार नाही. 1995 मध्ये तुमच्यातल्याच दुसऱ्यांनी तो प्रकल्प समुद्रात बुडवायची भाषा केली, निवडून आले, करार रद्द केला आणि मग पुन्हा वाटाघाटीला बसले. 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. 2001 मध्ये वीज परवडत नाही म्हणून बंद पडला. तो उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीचं अमेरिकेत दिवाळं निघालं, ते निघालं. पण गुहागरच्या किनाऱ्यावर ती यंत्रं 2006 पर्यंत थंड उभी होती आणि त्याच काळात इथं आमचे माग थंड पडत होते. महाग वीज घ्यावी की न घ्यावी, हा वाद मोठ्यांचा. मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की करार करताना, मोडताना, पुन्हा करताना आणि बंद पाडताना, अशा चारही वेळा टाळ्या तुम्हीच कशा घेतल्या, आणि चारही वेळचा खर्च आमच्याकडंच कसा आला?

2004 आठवतं? निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज दिलीत. निवडणूक झाली, वर्ष उलटायच्या आत ती सवलत काढून घेतलीत. तेव्हा तिजोरीत पैसे नाहीत म्हणालात. तिजोरी काही निवडणुकीच्या रात्री फुटली नव्हती.

मग आला सगळ्यात मोठा शब्द: डिसेंबर 2012 मध्ये राज्य भारनियमनमुक्त. तो तुम्ही पाळला, असं तुम्ही म्हणता. पाळला की, पण शेपटीसकट: जिथं गळती जास्त, वसुली कमी, तिथलं सोडून. ती शेपटी शब्द देताना कुठं होती?

या गळतीचंच आधी बोलू. फीडरचे तुम्ही गट पाडले. वीजचोरी आणि थकबाकी जितकी जास्त, तितका खालचा गट, तितके जास्त तास अंधार. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण गट फीडरचा होता, माणसाचा नव्हता. गल्लीत चार जणांनी तारेवर आकडे टाकले, दहा जणांनी बिल थकवलं, तर तारखेच्या आत बिल भरणारी म्हातारीही त्यांच्याबरोबर अंधारात. आकडा काढायला तिनं स्वतः खांबावर चढायचं होतं का? चोर पकडायचं काम तुमच्या माणसांचं होतं. ते जमलं नाही म्हणून शिक्षा अख्ख्या गल्लीला दिलीत, आणि तिला शिस्त म्हणालात. वर महागाची वीज विकत घेतली म्हणून बिलात जादा आकार लावलात. म्हणजे नसलेल्या विजेचा त्रास आम्हाला, आणि असलेल्या विजेचा ज्यादा दामही आम्हाला.

आणि अंधार सगळ्यांनी सारखा वाटून घेतला असता, तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

मुंबईला त्यातून तुम्ही वगळलंत. तिथल्या वीजकंपन्या वेगळ्या, त्यांची सोय वेगळी, हे तांत्रिक कारण मला पाठ आहे, पुन्हा सांगू नका. पुण्यानं 2006 मध्ये वेगळाच मार्ग काढला. कारखान्यांनी आपापले डिझेलचे जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि वरचा खर्च ग्राहकांच्या बिलात घालायचा. पुणेकरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. ज्याला परवडलं त्यानं उजेड विकत घेतला. पण तुम्ही तर त्या मार्गाचा आदर्श म्हणून गाजावाजा केलात! ज्या गावाकडं तेवढे जनरेटर नाहीत आणि बिलात भर घालायची ऐपत नाही, त्यानं काय करायचं, याचा आदर्श काढायला कुणाला वेळ झाला नाही. महाराष्ट्र एक म्हणून 1960 मध्ये वीज मंडळ एक केलं होतंत ना? मग तुटवड्याच्या वेळी तो एकाचा अनेक कसा झाला?

सोलापूरकराला आणखी एक गोष्ट बोलायची चोरी आहे, पण बोलतो. 2006 ते 2012 दिल्लीतलं ऊर्जा खातं आमच्याच गावच्या माणसाकडं होतं. गावाला केवढा अभिमान! ओट्यावर बसलेले मागवाले एकमेकांना म्हणायचे, "आपला माणूस आहे वर, करेल काहीतरी." वीज गेलेली असायची तेव्हा म्हणायचे. मी ऐकलंय.

काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? फताटेवाडीला 1320 मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. पण त्याचा पहिला संच चालू झाला 2017 मध्ये आणि दुसरा 2019 मध्ये. 2013 च्या 31 डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचं ग्रीड उरलेल्या देशाला मिळालं. सगळ्या देशाची वीज आता आमच्या शिवारावरून जाते. चांगलं झालं. पण ज्या पेठांनी ती वर्षं काढली, त्यांतले कितीतरी माग तोवर भंगारात गेले होते. ज्या पोरांनी ओट्यावर बसून कंटाळून पुण्याची गाडी धरली, ती परत आली नाहीत. मी ज्या वहीत नावं लिहायचो, तिची पानं दर दिवाळीला थोडी कमी व्हायची. सोलापुरी चादरीला सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच काळात. नाव जपलंत, विणणारा सुटला.

12 ऑक्टोबर 2020 चा सोमवार आठवतो? मुंबईत सकाळी वीज गेली. लोकल थांबल्या, काही तास महानगर खोळंबलं. लगेच चौकशीचे आदेश निघाले, बैठका झाल्या, समिती बसली, घातपाताची शंकासुद्धा घेतली गेली. व्हायलाच हवी होती चौकशी. मुंबईचा अंधार म्हणजे गंभीर प्रकरण.

आमच्या सहा-सात वर्षांची चौकशी कोणत्या समितीनं केली, साहेब? नाव सांगा. अहवाल दाखवा. काही तासांच्या अंधाराला समिती आणि काही वर्षांच्या अंधाराला वेळापत्रक, हे कोणत्या मापानं ठरलं?

एकदा एका मासिकात ब्रिटनची हकीकत वाचली होती. 1973 च्या शेवटी तिथं खाणकामगारांनी जादा तास काम करायचं बंद केलं. अरबांनी तेल रोखलं होतंच. कोळसा पुरवून वापरायचा म्हणून पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी 1 जानेवारी 1974 पासून कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज दिली. दूरदर्शनचे कार्यक्रम रात्री साडेदहाला बंद. दुकानांत मेणबत्त्या. वाचताना मला वाटलं, ही तर आमचीच गोष्ट. पुढं वाचलं आणि कळलं की नाही.

तिथं ते दिवस 7 मार्चला संपले. सव्वादोन महिने. मधल्या फेब्रुवारीत हीथ लोकांसमोर मत मागायला गेले, देश कोण चालवतं असं विचारत, आणि त्यांचं सरकार गेलं. पन्नास वर्षं होऊन गेली तरी तिथली माणसं अजून त्या तीन दिवसांच्या आठवड्याबद्दल बोलतात, म्हणे. आमच्याकडं त्याच्या कितीतरी पट काळ गेला. कुणाची खुर्ची गेली? 2009 मध्ये ऐन लोडशेडिंगमध्ये निवडणूक झाली आणि तुम्हीच परत आलात. त्यात आमचाही हात आहे, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. आम्ही मत दिलं ते उपकार म्हणून दिलं नव्हतं. शब्दावर दिलं होतं.

पण त्या हकीकतीत मला लागलं ते वेगळंच. तिथं ज्यांचे दिवस बुडाले त्या लाखो कामगारांची बुडालेल्या दिवसांपुरती बेकार म्हणून नोंद झाली, भत्त्यासाठी. किती जणांचे किती दिवस गेले, हे सरकारच्याच दप्तरात उतरलं. सरकार हरलं, पण हिशेब राहिला.

आमचा हिशेब कुठं आहे?

तुमच्या अहवालांत मागणी किती होती, पुरवठा किती झाला, तूट किती पडली, सगळं आहे. मेगावॉटमध्ये आहे, दशलक्ष युनिटमध्ये आहे. न पुरवलेलं युनिट तुम्ही मोजलंत. न विणलेला टॉवेल कुणी मोजला? न मिळालेली मजुरी कुणी मोजली? तुमच्या लेखी आमच्याकडं विजेची तूट होती. आमच्याकडं तूट पगाराची होती, साहेब.

आणि कायद्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातली 'ले-ऑफ'ची व्याख्या काढून बघा. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांच्या टंचाईमुळं कामगाराला काम देता आलं नाही तर तो ले-ऑफ, आणि त्या काळाचा निम्मा पगार भरपाई म्हणून द्यायचा. विजेच्या टंचाईचं नाव घेऊन लिहिलं होतं. 1953 पासून लिहिलेलं होतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही तिथंच मिटली आणि मालकाकडं जायला उठलो. मग खालचं कलम वाचलं. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर ते लागू नाही.

आमच्या पेठेत एका छपराखाली पन्नास माणसं कुठं होती? म्हणजे ज्यांच्याकडं जनरेटर होते त्या मोठ्या कारखान्यांतल्या कामगाराला कायद्याचं छप्पर, आणि ज्याचा माग खरोखर थांबला त्याला उघडा ओटा. हे तुम्हाला दिसलं नाही? दिसलं असेल तर त्या वर्षांत एक ओळीचा शासन निर्णय काढून ही पन्नासाची अट बाजूला ठेवून आम्हाला काही देता आलं नसतं? गिरणी मालकांसाठी, कारखानदारांसाठी, थकबाकीदारांसाठी तुम्ही किती योजना काढल्यात! अभय योजना तर दर दोन-चार वर्षांनी येते. वेळेवर भरणाऱ्यासाठी आणि ओट्यावर बसणाऱ्यासाठी तेवढं एकही नाव सुचलं नाही?

मी तेव्हापासून वहीच्या समासात लाल पेन्सिलीनं लिहायला लागलो. वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, किती माग बंद होते. मालक म्हणाले, कशाला उद्योग? म्हटलं, राहू द्या, कधीतरी कुणीतरी विचारेल.

कुणी विचारलं नाही, म्हणून मीच गेलो. दरवाढीच्या एका जाहीर सुनावणीला वह्या पिशवीत घालून गेलो. नंबर आला. म्हटलं, साहेब, दर वाढवायच्या आधी एवढं बघा. समोरच्या अधिकाऱ्यानं पहिली वही उघडली, दोन पानं उलटली. वाईट बोलला नाही. चहासुद्धा सांगितला. पण म्हणाला, "काका, हे आपल्या नमुन्यात बसत नाही. तुमचं म्हणणं दराबद्दल असेल तर तेवढंच लेखी द्या." वही त्यानं दोन्ही हातांनी परत दिली.

अपमान झाला असता तर बरं झालं असतं. अपमानावर माणूस भांडू शकतो. नमुन्यात न बसण्यावर काय भांडणार?

तुमच्यातल्याच एकानं 2013 च्या एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या सभेत केलेला विनोदही आमच्या नमुन्यात बसला नाही. आमच्याच जिल्ह्यातला शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता, त्याच्यावर बोलून झालं आणि मग लोडशेडिंगवर आले. रात्री वीज नसते म्हणून लोकांना दुसरं काम उरत नाही, पोरं जास्त होतात, अशा अर्थाचं. लोक हसलेही. पुढं माफी मागितली गेली, कराडला प्रीतिसंगमावर बसून आत्मक्लेशही झाला. माफी मी धरतो. पण तो विनोद आधीपासून मनात तयार होता, त्याशिवाय तोंडातून येत नाही. अंधारात बसलेली माणसं वर बसलेल्याला कशी दिसतात, ते त्या दिवशी कळलं. आमच्या चिमणीच्या उजेडात वळलेल्या विड्या त्याला दिसल्या नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, झालं गेलं, आता कशाला उकरता?

कारण झालंय कुठं? ऑक्टोबर 2017 मध्ये कोळसा कमी पडला, लोडशेडिंग परत आलं. एप्रिल 2022 मध्ये पुन्हा कोळसा, पुन्हा तेच गट, तेच फीडर. केंद्र सरकारनं 2020 च्या डिसेंबरात वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. ग्राहकाला चोवीस तास वीज मिळण्याचा हक्क. वाचून बरं वाटतं ना? त्याच नियमात पुढं लिहिलंय की शेतीसारख्या काही ग्राहकांना कमी तास वीज ठरवता येईल. हक्क सगळ्यांना, फक्त ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याला वगळून.

माझे मेहुणे मोहोळ तालुक्यात शेती करतात. त्यांच्या लेखी भारनियमन कधी संपलंच नाही. आठवड्यातले काही दिवस वीज दिवसा, उरलेले दिवस रात्री, तीही मोजक्या तासांची. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन दंड फोडायला जायचं, पायाखाली काय आहे ते बघत. सगळ्यांनी ऑटोस्विच लावलेले, त्यामुळं वीज आली की सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी उडतो. मग वायरमनची वाट बघा. दिवसा वीज देऊ, हा शब्द तुम्ही 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेबरोबर दिलात. राळेगणसिद्धीला सुरुवातही केलीत. आता योजनेचा दुसरा अवतार आलाय, 16,000 मेगावॉटचा. कामं चालू दिसतात, ते नाकारत नाही. 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल माफ केलंत. विधानसभेच्या तोंडावर. मेहुणे म्हणाले, बिल माफ झालं, रात्र माफ झाली नाही.

2004 चं मी वर लिहिलंय. त्यामुळं या खेपेला मेहुण्यांनी टाळ्या जरा हळू वाजवल्या, तर त्यांना कृतघ्न म्हणू नका.

आमच्या कारखान्यात आता मी जात नाही. मालकांच्या मुलानं नवे माग घेतलेत, छपरावर सोलर बसवायचं म्हणतो. परवा तुमच्या माणसांनी मीटर बदलून नवा बसवला. फार हुशार मीटर आहे, म्हणे. कोणत्या तासाला किती वीज वापरली ते त्याला कळतं. मी त्या बसवणाऱ्या पोराला विचारलं, "वीज किती तास नव्हती, तेही लिहितो का रे हा?" तो म्हणाला, "लिहीत असेल काका, पण ते तुम्हाला दिसत नाही, ऑफिसात दिसतं."

म्हणजे या वेळी नोंद होणार आहे, हे तरी कळलं. मग ती आम्हाला दाखवा. दर महिन्याच्या बिलावर वापरलेल्या युनिटांच्या शेजारी एक रकाना घाला: या महिन्यात वीज इतके तास नव्हती. पुढं कधी कोळसा संपला, पाऊस पडला नाही, करार फसला आणि तुम्हाला पुन्हा आमचे तास मागावे लागले, तर मागायच्या आधी शासन निर्णय काढा की नगावर काम करणाऱ्याचा बुडालेला तास कुणी आणि कसा भरून द्यायचा, मग छपराखाली पन्नास माणसं असोत की पाच. आणि अंधार वाटायची वेळ आली तर मलबार हिलपासून वाटायला सुरुवात करा. मग सोलापूरपर्यंत पोचेस्तोवर तो आपोआप कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

राहिला जुना हिशेब. वह्या मी टाकलेल्या नाहीत. समासातलं लाल अजून वाचता येतं. त्या कुठं आणि कधी घेऊन यायच्या, ते कळवा. माझा पत्ता शोधावा लागणार नाही. तुमचं बिल दर महिन्याला बरोबर येतं.

आपला,

एक ग्राहक, सोलापूर